किलोमागे अडीच डॉलर: रवांडाने जुने कपडे नाकारले तेव्हा

30 जुलै 2018 रोजी अमेरिकेने रवांडातून येणाऱ्या तयार कपड्यांची शुल्कमुक्त प्रवेशाची सवलत स्थगित केली. ज्या व्यापारावर ही कुऱ्हाड पडली तो वर्षाला जेमतेम 15 लाख डॉलरचा होता, म्हणजे रवांडातून अमेरिकेला जाणाऱ्या एकूण मालाच्या सुमारे 3 टक्के. रवांडाचा गुन्हा एवढाच होता की इतरांनी वापरून टाकलेले कपडे आपल्या देशात स्वस्तात येऊ द्यायचे नाहीत, असे त्याने ठरवले होते. एका महासत्तेने एका छोट्या, समुद्रकिनारा नसलेल्या देशाला जुन्या कपड्यांवरून दंड करावा, ही घटना त्या वेळी जगभर गाजली आणि नंतर बातम्यांतून नाहीशी झाली. तिची नोंद पुन्हा सविस्तर घेण्याचे कारण असे की आपला पोशाख आपण घडवावा आणि त्यासाठी आपला वस्त्रोद्योग उभा करावा, असे म्हणणाऱ्या कोणत्याही देशापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते जवळजवळ सगळे या एका प्रकरणात आढळतात.

माझे मत आधीच सांगतो. रवांडाला हा निर्णय घेण्याचा पूर्ण अधिकार होता आणि त्याला झालेली शिक्षा अन्यायाची होती. तरीही हा निर्णय ज्या शिंप्यासाठी घेतला गेला, त्याच्यापर्यंत त्याचा लाभ पुरता पोहोचला नाही, कारण सरकारने शिवणीचा विचार केला, पण कापड कोठून येणार हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही.

गाठोड्यांचा बाजार

पूर्व आफ्रिकेत वापरलेल्या कपड्यांना स्वाहिली भाषेत ‘मितुम्बा’ म्हणतात आणि त्याचा अर्थच गाठोडी असा आहे. रवांडाच्या किन्यारवांडा भाषेतला शब्द मात्र ‘चागुवा’ असा असून तो ‘निवडणे’ या अर्थाच्या स्वाहिली क्रियापदावरून आलेला आहे. ढिगातून हात घालून, उलटसुलट करून, उजेडात धरून आपल्यासाठी एक कपडा निवडण्याची सगळी क्रिया त्या शब्दात सामावली आहे, आणि चागुवा हा केवळ गरिबीचा व्यवहार नव्हता हेही त्यातून समजते. तेथे निवड होती, शौक होता, आणि कमी पैशात टिकाऊ कापड मिळत असल्याचे समाधानही होते.

हा माल येतो कसा, ते पाहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही. अमेरिका आणि युरोपमधील लोक धर्मादाय संस्थांना जुने कपडे देतात, त्यांपैकी काही त्या संस्थांच्या दुकानांत विकले जातात आणि उरलेले वजनावर घाऊक व्यापाऱ्यांना दिले जातात. ते व्यापारी प्रतवारी करतात, साधारण 45 किलोचे घट्ट दाबलेले गठ्ठे बांधतात आणि कंटेनर भरून रवाना करतात. प्रतवारीचे काम अनेकदा तिसऱ्याच देशात होते. गुजरातमधील कांडला विशेष आर्थिक क्षेत्रातही असे वापरलेले कपडे येतात, निवडले जातात आणि तेथून आफ्रिकेकडे जातात. भारताने स्वतःच्या बाजारात अशा कपड्यांच्या आयातीवर निर्बंध ठेवले आहेत, ही बाब येथे आवर्जून लक्षात ठेवावी. रवांडाने जे केले ते जगावेगळे मुळीच नव्हते. फिलिपिन्समध्ये वापरलेल्या कपड्यांच्या व्यापारी आयातीवर बंदी घालणारा कायदा 1966 पासून आहे.

रवांडाची राजधानी किगाली येथे पोहोचलेला गठ्ठा घाऊक व्यापारी न उघडताच विकतो. आत काय निघेल ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि एखाद्या गठ्ठ्यात चांगल्या जीन्स निघतात, तर एखाद्यात फाटके स्वेटर. वरचा माल आधी चढ्या भावाने जातो, मग दुसरा हात, मग तिसरा, आणि तळाचा ढीग फेरीवाले खेड्यांत नेतात. या साखळीत ओझी वाहणारे, इस्त्री करणारे, मापाला आणून देणारे शिंपी आणि रस्त्याकडेला विकणाऱ्या बाया असतात. स्थानिक शिंप्याचा शत्रू म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले गेले, त्या व्यापारावर अनेक शिंपीही पोट भरत होते.

या मालाने आफ्रिकेतील कापडउद्योग बुडवला का, हा जुना वाद आहे. अर्थशास्त्रज्ञ गार्थ फ्रेझर यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1981 ते 2000 या काळात आफ्रिकेतील तयार कपड्यांच्या उत्पादनात झालेल्या घसरणीपैकी सुमारे 40 टक्के आणि रोजगारातील घसरणीपैकी सुमारे 50 टक्के वाटा वापरलेल्या कपड्यांच्या आयातीचा असल्याचे दाखवले. हे आकडे मोठे आहेत. परंतु याच काळात या देशांनी जागतिक वित्तसंस्थांच्या अटींखाली बाजार खुले केले, सरकारी गिरण्यांचे संरक्षण काढून घेतले गेले आणि आशियातील नवे कपडेही स्वस्तात येऊ लागले. पुढे 2005 च्या प्रारंभी जागतिक वस्त्रव्यापारातील कोटापद्धत संपल्यावर चीनच्या मालाला उरलेली वेसणही राहिली नाही. गाठोड्याने घाव घातला हे खरे असले, तरी तो एकट्याचा घाव नव्हता आणि पुढच्या धोरणाची गल्लत बरीचशी येथेच झाली.

राष्ट्रीय पोशाख कोणत्या कापडाचा?

रवांडाचा पारंपरिक स्त्रीपोशाख म्हणजे उमुशनाना. कमरेभोवती चुण्या घालून गुंडाळलेला पायघोळ घेर, वर बिनबाह्यांची चोळीसारखी कुडती आणि एका खांद्यावरून सोडलेला लांब पट्टा, असे त्याचे रूप असते. मराठी वाचकाला तो पट्टा पाहून पदर आठवल्याखेरीज राहणार नाही. लग्नसमारंभात आजही नवरी आणि तिच्या मैत्रिणी तो नेसतात. त्याच्याही आधी या प्रदेशात कातडी आणि उंबराच्या कुळातील झाडाची साल ठोकून केलेले वल्कलवस्त्र वापरले जाई. कापसाची वस्त्रे व्यापाराबरोबर आणि नंतर वसाहतीच्या राजवटीबरोबर आली.

आज पूर्व आफ्रिकेची ओळख मानले जाणारे रंगीबेरंगी छापील कितेंगे कापडही मूळचे या मातीतले नाही. इंडोनेशियातील मेणछपाईची नक्कल यंत्रावर करणाऱ्या डच कारखानदारांनी हा माल आफ्रिकेच्या बाजारपेठेत आणला. 1846 मध्ये नेदरलँड्समधील हेल्मंड येथे स्थापन झालेली व्लिस्को ही कंपनी आजही त्यातील अव्वल नाव आहे, आणि सामान्य माणसाला परवडणारे कितेंगे मोठ्या प्रमाणात चीनमध्ये छापले जाते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण वापराने, सणाने आणि शिवणीने परके कापड आपले होते. मात्र ‘राष्ट्रीय शैली’ आणि ‘राष्ट्रीय वस्त्रोद्योग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे येथे स्पष्ट दिसते. शैली परक्या कापडातूनही घडू शकते. उद्योग मात्र धागा, वीज, रंग, यंत्रे आणि रस्ते मागतो.

शैलीच्या बाबतीत रवांडाने विलक्षण वेगाने वाट काढली. 1994 च्या नरसंहारात शंभर दिवसांत आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली, आणि त्या राखेतून उठलेल्या देशातील तरुण पिढीने अवघ्या दोन दशकांत स्वतःचे फॅशनविश्व उभे केले. मॅथ्यू रुगाम्बा यांनी 2011 मध्ये कितेंगेच्या बो-टायपासून हाउस ऑफ तायो सुरू केले. जोसलिन उमुतोनिवासे यांचे रवांडा क्लोदिंग 2012 मध्ये आले. 2015 मध्ये मोझेस तुराहिरवा यांनी मोशन्स सुरू केले आणि उमुशनानाची ठेवण व इमिगोंगोची नक्षी आधुनिक कपड्यांवर आणली. इमिगोंगो ही शेणाच्या उठावदार रेघांनी काढलेली काळी, पांढरी, तांबडी भौमितिक चित्रकला असून ती देशाच्या पूर्वेकडील किरेहे भागातील आहे. भिंतीवरची ही कला जॅकेटच्या गळ्यावर आणि बाहीवर उतरली, तेव्हा खरोखर काहीतरी नवे जन्माला आले असे मी मानतो. 2018 च्या जानेवारीत हॉलिवूडमधील ‘ब्लॅक पँथर’ या बहुचर्चित चित्रपटाच्या पहिल्या खेळाला अभिनेत्री लुपिता न्योंगो यांचा भाऊ ज्युनियर न्योंगो हाउस ऑफ तायोचा पोशाख घालून गेला, आणि त्या छायाचित्रांनी किगालीच्या शिवणकामाला जगाचे दार उघडून दिले. त्याच आठवड्यांत वॉशिंग्टनमध्ये रवांडाच्या कपड्यांचे दार बंद करण्याची तयारी चालली होती.

किलोमागे अडीच डॉलर

सरकारी बाजू समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 2015 मध्ये रवांडाने देशांतर्गत बाजार परत मिळवण्याचे धोरण आखले. आयातीवर खर्च होणारे परकीय चलन वाचवायचे आणि सिमेंट, साखर, कापड अशा वस्तू शक्य तेथे देशात बनवायच्या, हा त्याचा गाभा होता. ‘मेड इन रवांडा’ ही मोहीम त्यातूनच वाढली आणि 2017 च्या अखेरीस तिला स्वतंत्र धोरणाचे रूप मिळाले. दरम्यान मार्च 2016 मध्ये केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा आदी देशांच्या पूर्व आफ्रिका समुदायाच्या राष्ट्रप्रमुखांनी टांझानियातील अरुशा येथील बैठकीत ठरवले की तीन वर्षांत, म्हणजे 2019 पर्यंत, वापरलेल्या कपड्यांची आणि पादत्राणांची आयात टप्प्याटप्प्याने संपवावी.

समुदायाच्या सामायिक दरपत्रकानुसार वापरलेल्या कपड्यांवर 35 टक्के किंवा किलोमागे 20 सेंट, यांपैकी जास्त असेल ते शुल्क होते. सदस्य देशाला एखाद्या वस्तूपुरता सामायिक दर बाजूला ठेवून स्वतःचा दर लावण्याची मुभा समुदायाच्या नियमांत आहे. ती वापरून रवांडाने 2016 च्या जुलैपासून कपड्यांसाठी किलोमागे अडीच डॉलर आणि पादत्राणांसाठी किलोमागे 5 डॉलर असा दर लागू केला. कायद्याच्या भाषेत ही बंदी नव्हती. पण 45 किलोच्या एका गठ्ठ्यावर जेथे किमान 9 डॉलर भरावे लागत, तेथे आता एकशे साडेबारा डॉलर भरावे लागणार होते.

या दराच्या बांधणीकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे, कारण चर्चेत त्याकडे फारसे पाहिले गेले नाही. शुल्क वजनावर असले की चांगला आणि वाईट माल एकाच तराजूत जातो. जवळपास नवा, नामांकित कंपनीचा 200 ग्रॅमचा शर्ट आणि तितक्याच वजनाचा विटलेला शर्ट, दोघांवरही 50 सेंट पडतात. ज्याची विक्रीची किंमत जास्त आहे त्याला हे 50 सेंट पेलतात, पण तळाच्या ढिगातील कपड्याची मूळ किंमतच तेवढी नसते. 700 ग्रॅमच्या जीन्सवर पावणेदोन डॉलर पडतात. परिणामी सर्वांत जड भार सर्वांत स्वस्त कपड्यावर, म्हणजेच तो घालणाऱ्या सर्वांत गरीब माणसावर पडला. रवांडाच्या स्वतःच्या 2016-17 च्या पाहणीनुसार 38.2 टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते.

दुसरी बाजू अशी की बाहेरून येणाऱ्या नव्या कपड्यांवर समुदायाचा दर तेव्हा 25 टक्के होता. 2 डॉलर किमतीचा नवा आयात शर्ट घेतला, तर त्यावरचे शुल्कही बरोबर 50 सेंटच होते. म्हणजे इतर कर बाजूला ठेवले तर वापरलेला शर्ट आणि चीनमधला स्वस्त नवा शर्ट आता सीमेवर सारख्याच ओझ्याने उभे होते. गाठोड्याच्या वाटेत भिंत उभी राहिली, पण तिच्या शेजारचे फाटक उघडेच होते. त्या फाटकाची उंची मोजली असती, तर पुढे काय होणार याचा अंदाज करता आला असता.

उद्योगाला हातभार लावण्यासाठी सरकारने कापड, तयार कपडे आणि चामडे या क्षेत्रांतील उत्पादकांना कच्चा माल आणि यंत्रे यांच्या आयातीवर शुल्कमाफी दिली, ही बाब त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. किगालीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात 2015 मध्ये सी अँड एच गार्मेंट्स हा चिनी गुंतवणुकीचा कारखाना सुरू झाला होता आणि तेथे स्थानिक तरुण-तरुणींना शिवणयंत्रावर बसवून प्रशिक्षण देण्यासाठी सरकारने मदत केली. 1984 मध्ये स्थापन झालेली उटेक्सरवा ही जुनी कापड गिरणीही होती, पण ती पूर्ण क्षमतेने चालत नव्हती आणि तिचे मुख्य ग्राहक गणवेश घेणाऱ्या संस्था होत्या.

वॉशिंग्टनचा आक्षेप

अमेरिकेच्या आगोआ या कायद्याखाली 2000 पासून सहाराच्या दक्षिणेकडील पात्र देशांना हजारो वस्तू शुल्काविना अमेरिकेत पाठवता येत असत. कपड्यांच्या बाबतीत ही सवलत फार मोलाची होती. सुती टी-शर्टवर अमेरिकेत एरवी 16.5 टक्के आणि काही कृत्रिम धाग्याच्या टी-शर्टवर 32 टक्के शुल्क लागत असे. शिवाय अविकसित आफ्रिकी देशांना तिसऱ्या देशाचे, म्हणजे व्यवहारात बहुधा चीनचे, कापड आणून शिवण्याचीही मोकळीक त्यात होती. मात्र या कायद्यात पात्रतेच्या अटी असून अमेरिकेच्या व्यापारातील अडथळे दूर करणे ही त्यांपैकी एक होती.

मार्च 2017 मध्ये अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या आणि चिंध्यांच्या व्यापाऱ्यांच्या ‘स्मार्ट’ या संघटनेने तक्रार दाखल केली. पूर्व आफ्रिकेच्या निर्णयामुळे अमेरिकेतील 40 हजार रोजगार आणि 12 कोटी 40 लाख डॉलरची निर्यात धोक्यात येईल, असा तिचा दावा होता. या आकड्यात इतर देशांत प्रतवारी होऊन जाणाऱ्या मालाचाही हिशेब धरलेला होता, हे ध्यानात घेता तो जरा ताणलेला वाटतो. पण तक्रार ऐकली गेली आणि जूनमध्ये रवांडा, युगांडा व टांझानिया यांच्या पात्रतेचा विशेष फेरविचार सुरू झाला.

केनिया या यादीत नव्हता, कारण त्याने आधीच माघार घेतली होती. त्याची अमेरिकेला होणारी तयार कपड्यांची निर्यात वर्षाला 30 कोटी डॉलरहून अधिक होती आणि त्यावर नैरोबी, अथी रिव्हर आणि मोंबासा येथील हजारो शिवणकामगारांची रोजी अवलंबून होती. ती पणाला लावणे केनियाला शक्य नव्हते आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. युगांडा आणि टांझानिया यांनीही 2018 च्या प्रारंभी पाऊल मागे घेतले. रवांडा एकटा राहिला. राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांनी जाहीरपणे सांगितले की वापरलेले कपडे घेत राहणे किंवा स्वतःचा उद्योग वाढवणे यांतून निवड करायची असेल, तर आपल्या दृष्टीने ती निवड सोपी आहे आणि तिचे परिणाम सोसावे लागले तरी चालेल. 29 मार्च 2018 रोजी अमेरिकेने 60 दिवसांची सूचना दिली आणि जुलैअखेर स्थगिती अमलात आली. ती कपड्यांपुरतीच होती आणि इतर वस्तूंसाठी रवांडाची पात्रता तशीच राहिली.

रवांडाचा हा ताठ कणा पाहून मनात आदर दाटून येतो आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही. तथापि त्याला हा बाणा दाखवता आला याचे एक कारण असेही होते की त्याच्याकडे गमावण्यासारखे फार थोडे होते. केनियाच्या कपडेनिर्यातीचा आकडा रवांडाच्या दोनशे पटींहून मोठा होता. 15 लाख डॉलर हे आजचे नुकसान होते. खरे नुकसान उद्याचे होते, कारण किगालीत शिवणयंत्रे मांडणारा परदेशी गुंतवणूकदार चीनचे कापड आणून, येथील मजुरीवर शिवून, अमेरिकेत शुल्काविना विकण्याचा हिशेब करूनच येत होता. तो हिशेब एका रात्रीत 16 ते 32 टक्क्यांनी बिघडला. युरोपीय संघाचे दार उघडे राहिले, कारण 2011 पासून तेथेही अविकसित देशांना परके कापड शिवून शुल्काविना पाठवता येते. पण समुद्रापासून रस्त्याने सुमारे दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या देशाने दारेसलाम किंवा मोंबासा बंदरातून कापड आत आणायचे आणि शिवून त्याच वाटेने बाहेर पाठवायचे, तर ट्रकभाडे दोनदा द्यावे लागते. अशा देशासाठी प्रत्येक टक्का महत्त्वाचा असतो.

मोकळ्या झालेल्या जागेत कोण आले

किगालीत गाठोडी झपाट्याने कमी झाली. चागुवाच्या व्यापारावर जगणाऱ्यांपैकी अनेकांनी धंदा बदलला किंवा सोडला, आणि काहींनी चीनमधून येणारे नवे कपडे विकायला घेतले. सीमेवर चोरटी वाहतूक वाढली. काँगोचे गोमा शहर रवांडाच्या रुबावू शहराला खेटून आहे आणि रोज हजारो माणसे ती सीमा पायी ओलांडतात. त्यांपैकी काही बायका अंगावर एकावर एक कपडे चढवून किंवा कपड्यांखाली बांधून माल आणू लागल्या. हे करताना पकडल्या गेलेल्या बाईचे भांडवलच जप्त होते. धोरणाच्या कागदावर तिला कोठेच जागा नव्हती.

शिंप्यांचे काय झाले, याचे उत्तर शिंपी कोणत्या थरातला आहे त्यावर अवलंबून होते. किगालीतील किमिरोंको बाजारात कितेंगेचे तागे लावलेल्या दुकानांच्या रांगा आहेत आणि त्यांच्या मागेच यंत्रे मांडून बसलेले शिंपी सकाळी दिलेले माप संध्याकाळी शिवून देतात. मोहिमेमुळे देशात शिवलेल्या कपड्यांना प्रतिष्ठा मिळाली, राष्ट्राध्यक्षांनी स्वतः रवांडात शिवलेले शर्ट घातले, सरकारी प्रदर्शनांत लहान शिवणसंस्थांना गाळे मिळाले, आणि मध्यमवर्गातील तरुण लग्नासाठी, कार्यालयासाठी मापाने कपडे शिवून घेऊ लागले. हा बदल खरा आहे आणि मोलाचा आहे. एकेकाळी देशी शिवण ही गरजेची वस्तू होती, ती अभिमानाची झाली.

पण अभिमानाच्या कपड्याची किंमत रोजच्या कपड्याला लावता येत नाही. शेतात राबणाऱ्या माणसाला मापाने शिवलेला कितेंगे शर्ट नको असतो. त्याला घामाला, चिखलाला टिकणारी साधी पँट हवी असते आणि शाळेत जाणाऱ्या पोरासाठी स्वेटर हवे असते. चागुवा त्याची ही गरज भागवत होता. त्याच्या जागी जो नवा स्वस्त कपडा आला तो बहुतांशी चीनचा होता आणि काही धुण्यांतच तो सैल पडतो, अशी तक्रार ग्राहक करत. अमेरिकेच्या जुन्या शर्टाची जागा किगालीच्या शर्टाने घ्यावी, ही अपेक्षा होती, पण खालच्या थरात ती जागा बरीचशी ग्वांगझूच्या शर्टाने घेतली.

ताग्याचा प्रश्न

येथे मी पुन्हा कापडाकडे येतो. किमिरोंकोतील शिंप्याच्या हिशेबात सर्वांत मोठा खर्च कापडाचा असतो. मजुरी त्यामानाने थोडी असते. ते कापड आयात होते. सामायिक दरपत्रकात कितेंगे हे ‘संवेदनशील’ मालाच्या यादीत, म्हणजे नेहमीपेक्षा चढ्या शुल्काच्या गटात बसवलेले आहे. ज्या देशांत कितेंगे छापणाऱ्या गिरण्या आहेत त्यांच्या रक्षणासाठी ती यादी असून रवांडाच्या शिंप्याशी तिचा काही संबंध नाही. शुल्कमाफी नोंदणीकृत उत्पादकाला होती, जो स्वतः कंटेनर मागवतो. सहा वार कापड दुकानातून विकत घेणारा शिंपी आयातदार नसतो, त्यामुळे ही माफी त्याच्या कात्रीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्याच्या सुईला, चेनला, अस्तरालाही हेच लागू होते. गाठोड्यावर बसवलेल्या शुल्काचा पैसा तिजोरीत येत असताना, तेवढ्यापुरती तरी लहान शिंप्यांच्या सहकारी संस्थांसाठी कापडाची घाऊक, शुल्कमुक्त खरेदी करता आली असती. हे केले असते तर या प्रकरणाचा निकाल वेगळा लागला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

देशातच कापड विणणे हा दुसरा मार्ग, पण तो फार चढणीचा आहे. रवांडात कापूस जवळजवळ पिकत नाही. डोंगराळ, दाट वस्तीच्या या देशात जमिनीचा प्रत्येक तुकडा अन्नधान्य, चहा आणि कॉफीसाठी लागतो. सूतगिरणीला स्वस्त आणि अखंड वीज हवी, रंगाईला भरपूर पाणी आणि सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था हवी, आणि एवढी गुंतवणूक भरून निघायला तेव्हाच्या सव्वा कोटीच्या आसपास लोकसंख्येचा बाजार अपुरा होता. म्हणूनच अरुशाचा सामूहिक निर्णय महत्त्वाचा होता. सहा देशांची एकत्र बाजारपेठ असती तर कापूस एका देशाचा, सूत दुसऱ्याचे, शिवण तिसऱ्याची अशी साखळी उभी राहू शकली असती. केनियाने माघार घेतली त्याच दिवशी ती शक्यता संपली आणि रवांडाच्या हाती त्या साखळीची फक्त शेवटची कडी उरली.

ती कडी मात्र रवांडाने सोडलेली नाही. मरिस म्बोन्युमुत्वा या रवांडन उद्योजिकेने चिनी भागीदारासह पिंक मँगो हा मोठा शिवणकारखाना किगालीच्या आर्थिक क्षेत्रात चालवला आणि आसांती या नावाने आफ्रिकी डिझायनरांच्या कपड्यांची नाममुद्राही उभी केली. मोठ्या प्रमाणावरची शिवण आणि स्वतःची शैली या दोन गोष्टी एका छपराखाली आणण्याचा हा प्रयत्न आहे. जुन्या कपड्यांवरचा वाढीव दर सरकारने अमेरिकेच्या दबावाखाली मागे घेतला नाही. आणि पूर्व आफ्रिका समुदायाने जुलै 2022 पासून तयार कपड्यांसह अनेक आयात वस्तूंसाठी 35 टक्क्यांचा नवा सामायिक टप्पा लागू केला, तेव्हा गाठोड्याशेजारचे ते उघडे फाटकही निदान कागदोपत्री अरुंद झाले. रवांडाने हा टप्पा त्याच्या सहा वर्षे आधीच, गाठोड्याबरोबरच मागितला असता तर चीनच्या स्वस्त शर्टाला एवढी मोकळी जागा मिळाली नसती.

युगांडा आणि टांझानियातला बहुतेक कापूस अजूनही सरकी काढून, गासड्या बांधून, न कातताच बंदराकडे जातो. ज्या रस्त्याने त्या गासड्या दारेसलामला उतरतात, त्याच रस्त्याने छापील कितेंगेचे तागे वर चढून किगालीत येतात, आणि किमिरोंकोचा शिंपी ते मोजून, बेतून कात्री लावतो.